भरल्या पोटाची गोधडी

मी गोधडी बोलतेय. पण हात पुढे करू नका, मी पांघरायची नव्हे.

गोधडी बोलायला लागली की लोकांना वाटतं, आता माया येणार, ऊब येणार, रुमाल काढून ठेवावा. ऊब हवी असेल तर इथे जर्मनीत खोलीखोलीत हायट्सुंग आहे, तिला पाठ लावून बसा. मला भांडायला शिवलंय. डार्मश्टाट गावात शिवलंय, दोन म्हाताऱ्यांनी, आणि दोघींपैकी एकीलाही गप्प बसायची सवय नव्हती.

माझ्या अंगावर चार माणसं आहेत. तीन बाया, एक पुरुष. कुणाच्या हातात पळी, कुणाच्या हातात सुरी, एकीच्या डोक्यावर झाकलेलं ताट. चौघांचे चेहरे आणि हात काळेभोर, चमकदार. खाली ज्याचं त्याचं नाव: टेम्पी, मिनर्व्हा, लूसिंडा, रॉस्को. अमेरिकेचं जेवण म्हणून जग बोटं चाटत जे खातं ना, ते अशा काळ्या हातांनी रांधलंय. खाणाऱ्यांची नावं इतिहासात गेली. रांधणाऱ्यांची माझ्या अंगावर आहेत.

आता जन्म कसा झाला ते सांगते.

मी मूळची चंद्रकळा. बार्शीच्या पेठेतून अहिल्येच्या सासऱ्यांनी आणलेली, तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला. हलव्याचे दागिने घालून ती मला नेसली, हळदीकुंकवाला मिरवली आणि घडी करून ट्रंकेत ठेवली. काळ्या रंगाला आमच्याकडे वर्षातून एक दिवस मान. बाकीचे दिवस अंधार.

अहिल्या शाळेत गेली नाही. वाचायला शिकली ती किराण्याच्या पुड्यांवरून, आणि गोधडी शिवायला शिकली ती उसवून. गावात कुणाची चांगली गोधडी दिसली की मागून आणायची, एक कोपरा उसवून बघायची आणि तसाच शिवून परत द्यायची. नवरा गेल्यावर मुलगा शिरीष तिला इकडे घेऊन आला. तो औषधांच्या कंपनीत यंत्रं बसवतो, सून सुकन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, नात इरा बालवाडीत. ट्रंकेतल्या बाकीच्या वस्तू भाऊबंदांना वाटून टाकल्या तिने, मला मात्र सामानात घेतलं. कशासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

जर्मन ती बाजारात शिकली. म्हणजे भांडून.

स्टेशनामागे एका तुर्की माणसाचं भाजीचं दुकान आहे. तिथे अहिल्या भेंडी घ्यायची, आणि घेण्याआधी एकेका भेंडीचं टोक मोडून बघायची. कट्‌ वाजलं तर कोवळी, वाकलं तर जून. दुकानदार रोज ओरडायचा, "मोडलीत ती घ्यायची." ती म्हणायची, "मोडल्याशिवाय कळणार कसं, तुझ्या तोंडाकडे बघून?" हे सगळं चार जर्मन शब्द आणि बाकीचं मराठी असं.

एके दिवशी तिच्यासारखाच दुसरा आवाज आला. कट्‌. खोक्याच्या पलीकडे एक उंच काळी बाई उभी, सत्तरीची, डोक्याला फुलांचा रुमाल, आणि ती भेंडीची टोकं मोडतेय. जून भेंडी ती परत खोक्यात टाकत नव्हती, दुकानदाराच्या समोर नेऊन ठेवत होती.

"आता दोघी झाल्या," दुकानदार म्हणाला आणि डोकं धरून आत गेला.

बाईने अहिल्येच्या पिशवीत डोकावून बघितलं. "शिकवलं कोणी?"

"आईनं. तुला?"

"आजीनं."

झाली ओळख. ती ओपल व्हिटलो. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाची. नवरा रॉस्को पलटणीत आचारी होता, त्याच्याबरोबर ती तरुणपणी इथे आली. तो इथेच वारला आणि ती इथेच राहिली. अमेरिकन सैन्याच्या बराकींसमोर तिची छोटी खानावळ होती. दोघींची जर्मन सारखीच मोडकी, त्यामुळे त्यांचं एकमेकींशी फार छान जमायचं. चांगलं जर्मन बोलणाऱ्यांचं मात्र दोघींनाही कळायचं नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, मी तेव्हा ट्रंकेत होते. पण पुढे मला शिवताना त्या दोघी इतक्या बोलल्या की माझ्या धाग्याधाग्यात ते मुरलंय.

अहिल्या ओपलच्या खानावळीत पहिल्यांदा गेली तेव्हा ओपलने तिच्यापुढे चवळीभात ठेवला. अहिल्या ताटाकडे बघत बसली. "ही तर चवळी."

"ही आमची," ओपल म्हणाली. "भेंडी आमची. तीळ आमचे. आजी सांगायची, आफ्रिकेतून बायांना धरून जहाजात कोंबलं, तेव्हा त्यांनी केसांच्या वेण्यांत बी लपवून आणलं."

"तीळ तर आमचे."

"बरं बाई, तीळ वाटून घेऊ."

तेव्हापासून अहिल्या दुपार झाली की तिकडे. घरी सुकन्याला ते फारसं रुचलं नाही. "आई, रोज रोज कशाला जाता तिथे? ती लोकं जरा..."

"जरा काय?"

सुकन्या ओट्यावरचा पसारा आवरायला लागली.

"बोल की. वाक्य सुरू केलंस तर संपव."

"काही नाही हो आई. थंडी असते म्हणून म्हटलं."

"थंडी मला रस्त्यात लागते. त्या घरात नाही."

आता मुद्द्याची गोष्ट. अमेरिकन सैन्य डार्मश्टाट सोडून निघालं होतं. दोन हजार आठ साल उजाडायचं होतं. बराकी रिकाम्या होणार, म्हणून वस्तीतल्या कुल्टुअरहाले नावाच्या सभागृहात निरोपाचं प्रदर्शन भरायचं ठरलं. जुने गणवेश, बिल्ले, गाण्यांची पेटी, फोटो. "अमेरिकेची चव" असाही एक फलक ठरला, आणि ओपलकडून पदार्थ मागवायचे म्हणून तिला तो आधी दाखवायला बोलावलं. ती अहिल्येला घेऊन गेली.

फलकावर उंच पांढऱ्या टोपीतला एक गोरा माणूस हसत होता. कुठल्या तरी जाहिरातीतला. हातात तळलेल्या कोंबडीचं ताट.

ओपलने चष्मा पुसला, परत लावला. "हा कोण?"

व्यवस्था बघणारी फ्राऊ लिंडनर म्हणाली, "हा कुणी विशिष्ट नाही. प्रतीक आहे."

"कशाचं?"

"अमेरिकन स्वयंपाकाचं."

"या, या," ओपल म्हणाली. जर्मनमध्ये या म्हणजे हो, पण तिने ते असं म्हटलं की अहिल्येला ते मराठीतलं जा, जा वाटलं. "तर माझ्या आजीची कोंबडी या टोपीवाल्याने तळली. मला ठाऊक नव्हतं."

फ्राऊ लिंडनर वाईट बाई नव्हती, हे मी मान्य करते. तिचा चेहरा पडला. तिने विचारलं, "तुमच्याकडे आजीचा फोटो आहे? तो लावू."

फोटो नव्हता. आजीचा नाही, पणजीचा नाही, आईचाही नाही. ज्यांच्या स्वयंपाकघरात त्या राबल्या त्यांचे होते, घोड्याचे सुद्धा होते. यांचे नव्हते.

ओपल परत येऊन खानावळीत बसली आणि तिने एकेकीची गोष्ट सांगितली. पणजी टेम्पी, विकत घेतलेली गुलाम. मळेवाल्याच्या बंगल्याची चूल मागे वेगळ्या खोपटात, तिथून मेजापर्यंत ताट न्यायचं, आणि जाताना सगळा वेळ शीळ घालत राहायचं. शीळ घालणाऱ्या तोंडाला चोरून घास खाता येत नाही ना, म्हणून. आजी मिनर्व्हा एका जज्जाच्या घरी रांधायची. जज्जाच्या बायकोने मिनर्व्हाच्या पदार्थांचं पुस्तक छापलं, स्वतःच्या नावानं, आणि त्या बाईला चहाचं पाणी सुद्धा उकळता येत नव्हतं. आई लूसिंडा हॉटेलात होती, ज्या हॉटेलात काळ्यांनी मागच्या दारानं यायचं आणि मागच्याच दारानं जायचं. आणि रॉस्को, ज्याने पलटणींच्या पलटणी जेवू घातल्या आणि ज्याला म्हातारपणीही वरचे अधिकारी "पोरा" म्हणून हाक मारत.

अहिल्या ऐकत होती. मग म्हणाली, "फोटो नसू दे. भिंतीवर लावायचंच आहे ना? मी शिवते."

अशी माझी पाळी आली.

त्या संध्याकाळी तिने ट्रंक उघडली, मला बाहेर काढलं, एकदा गालाला लावलं आणि कात्री चालवली. सुकन्या धावत आली. "आई, चंद्रकळा कापलीत?"

"कापली."

"अहो, पण ती तुमची पहिल्या संक्रांतीची..."

"असा काळा रंग जर्मनीच्या दुकानात मिळत नाही. तो हिरमुसलेला असतो. हा बघ कसा ताठ आहे."

मला दुखलं का? दुखलं. पण ट्रंकेत पडून डांबराच्या गोळीचा वास हुंगत मरण्यापेक्षा टेम्पीचा हात होणं बरं. चंद्रकळेची चंद्रबिंदी अहिल्येने वाया घालवली नाही, ती डोळ्यांत बसवली. माझ्या आत तिची जुनी सुती लुगडी अंथरली, पाठीला शिरीषचे सदरे लावले आणि वरची जमीन केली ओपलच्या ॲप्रनांची. तेलाचे डाग तसेच ठेवले. ओपल ते धुवायला निघाली होती, अहिल्येने हातातून ओढून घेतले. "डाग धुतलेस तर उरलं काय? पांढरं कापड? ते त्या टोपीवाल्याकडे पुष्कळ आहे."

हिवाळाभर काम चाललं. कडेपासून सुरुवात करायची आणि धावदोरा घालत फिरत फिरत मध्यावर यायचं, ही आमच्याकडची रीत. नावांची रोमन अक्षरं ओपलने खडूने काढून दिली, अहिल्येने ती रांगोळी गिरवावी तशी शिवली. ओपललाही सुई हातात घ्यायची होती. तिचे टाके मोठे पडायचे. अहिल्या म्हणायची, "हे टाके आहेत का विटा?" ओपल म्हणायची, "तुझ्या भाताला मी कधी बोलले?" शनिवारी सुकन्या इराला घेऊन अहिल्येला न्यायला यायची. आधी दारात उभी राहायची. मग आत बसायला लागली. एकदा ओपलने तिच्यापुढे मक्याचा पाव ठेवला, आणि सुकन्याने ताटलीतला चुरासुद्धा बोटाने टिपून खाल्ला.

गोधडी पुरी होत आली की शेवटचा टाका घालण्याआधी तिच्या पोटात घास ठेवायचा असतो. भाकरीचा तुकडा, साखरेची चिमूट. गोधडी उपाशी ठेवायची नाही, उपाशी गोधडी पांघरणाऱ्याला लाभत नाही. अहिल्येने हे सांगितलं तेव्हा ओपलच्या हातातला दोरा थांबला.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

अहिल्येने पुन्हा सांगितलं.

ओपलने टेम्पीच्या डोक्यावरच्या झाकलेल्या ताटावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आधी हिला."

भाकरीला भिंतीवर बुरशी येईल म्हणून दोघींनी बी ठेवायचं ठरवलं. टेम्पीच्या पोटाशी तांदूळ, मिनर्व्हाच्या पोटाशी चवळी, लूसिंडाच्या पोटाशी भेंडीचं बी, रॉस्कोला तीळ. मूठमूठ घालून शिवून टाकलं. त्या दिवसापासून मी जड आहे, आणि हलवलं की आत बारीक खुळखुळ होते. गोधड्यांमध्ये हे सुख थोड्यांच्या वाट्याला येतं.

इथे अहिल्येची चूक झाली. बार्शीत असती तर झाली नसती. तिथे धान्य भरून ठेवण्याआधी गच्चीवर टाकायचं, कडक ऊन दाखवायचं, की किडीचं अंडंसुद्धा करपतं. तिचे हात त्या उन्हावर विसंबायला शिकलेले. इथेही तिने चवळी ताटात पसरून खिडकीत ठेवली होती, उन्हाची वाट बघत. पण डार्मश्टाटचा हिवाळा. ऊन म्हणून जे आलं ते पाणी घातलेल्या दुधासारखं. तिला वाटलं, दाखवलं ऊन.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मला सभागृहात टांगलं. टोपीवाल्याचा फलक उतरवला होता. माझ्या खाली चार छोट्या पाट्या, एकेका नावाची, दोनदोन ओळींची माहिती. वर पिवळे दिवे, चांगले तापणारे. आणि त्या उबेने माझ्या पोटात हालचाल सुरू झाली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी मिनर्व्हाच्या ॲप्रनमधून पहिला भुंगा बाहेर आला. ऐटीत आला, जणू त्यालाच आमंत्रण होतं. मागोमाग दुसरा. दुपारपर्यंत ते भिंतीवर फिरत होते आणि शेजारच्या काचपेटीवर जुन्या लोकरी गणवेशांसमोर बसून आत बघत होते.

फ्राऊ लिंडनर पांढरी पडली. तिने पांढरे हातमोजे घालून मला खाली उतरवलं, मेजावर पसरलं आणि फोन केले. ओपल आली, अहिल्या आली, दुभाषी म्हणून ऑफिस सोडून सुकन्या आली.

फ्राऊ लिंडनर म्हणाली, "हे गणवेश लोकांनी विश्वासाने दिलेत. मी जोखीम घेऊ शकत नाही."

सुकन्याने सांगितलं. अहिल्या म्हणाली, "हा भुंगा लोकर खात नाही. चवळी सोडून तो कशाला तोंड लावत नाही. विचार त्याला."

"तुम्हाला ठाऊक आहे," फ्राऊ लिंडनर म्हणाली, "विमा कंपनीला ठाऊक नाही. मी एकच मागते. हा एवढा भाग उसवू, बी काढून टाकू, परत शिवू. उद्या वेळेवर भिंतीवर." तिने मेजावर कात्री ठेवली. हळूच ठेवली, आवाज न करता.

रास्त मागणी होती, मीही म्हणते. सुकन्यालाही तसंच वाटलं. उद्या महापौर येणार, सैन्याचे अधिकारी येणार, शिरीषच्या कंपनीतले लोक येणार. ती अहिल्येजवळ वाकून म्हणाली, "आई, अर्ध्या तासाचं काम आहे. कुणाला कळणारही नाही."

"मिनर्व्हाचंही कुणाला कळलं नव्हतं," अहिल्या म्हणाली.

वाकलेली सुकन्या सरळ झाली आणि हे जर्मनमध्ये सांगायला फ्राऊ लिंडनरकडे वळली. मग सांगितलं. सावकाश, एकही शब्द न गाळता.

अहिल्या ओपलकडे वळली. "गोधडी माझी, पण आजी तुझी. तू सांग."

मी मेजावर उताणी पडले होते. मला छताखेरीज काही दिसत नव्हतं. ओपलचा हात माझ्यावर फिरला, मिनर्व्हाच्या पोटावर थांबला, आणि आत एक भुंगा तेवढ्यात कुरतडत होता तो तिच्या बोटाला लागला असणार, कारण ती हसली.

"हिने जन्मभर उभ्याने खाल्लं," ओपल म्हणाली. "पाहुण्यांची ताटं परत आली की त्यात उरलेलं. आता कुठे हिच्या पोटात हिचं स्वतःचं काही आहे, आणि ते मी हिच्या पोटातून काढू? पाहुणे यायचेत म्हणून?" तिने कात्री उचलली आणि आपल्या ॲप्रनच्या खिशात टाकली. "ही माझ्याकडे राहू दे."

"मग उद्या ही गोधडी भिंतीवर लागणार नाही," फ्राऊ लिंडनर म्हणाली. "मला त्या जागी दुसरं काही लावावं लागेल. बँडचा एक फोटो आहे."

"काही लावायचं नाही. भिंत रिकामी ठेव. पाट्या राहू दे."

"रिकाम्या भिंतीखाली पाट्या? लोक विचारतील."

"गेनाऊ," ओपल म्हणाली. म्हणजे अगदी बरोबर. "आजवर जेवण होतं, नाव नव्हतं. उद्या एक दिवस नाव असू दे."

"मला वरच्यांना विचारावं लागेल."

अहिल्येने एक खुर्ची ओढली, रिकाम्या भिंतीखाली ठेवली आणि बसली. "विचार म्हणावं. आम्हाला घाई नाही."

फ्राऊ लिंडनरने फोन हातात घेतला. खुर्चीतल्या अहिल्येकडे बघितलं. मग खिशात परत ठेवला. "नाही विचारत," ती म्हणाली. आणि तिनेच सांगितलं की कापडातली कीड मारायची तर कापड गोठवतात, पंधरवडाभर, सगळी संग्रहालयं तेच करतात, त्यासाठी काही उसवावं लागत नाही. ओपलच्या खानावळीत माणूस आडवा मावेल एवढी गोठवणपेटी होती. तिथे माझी रवानगी झाली.

प्लास्टिकमध्ये गुंडाळून मला कोंबड्यांच्या शेजारी ठेवलं. थंडी म्हणजे काय ते मला विचारा. धाग्याचा धागा कडक झाला, तेलाचे डाग दगड झाले, आणि पोटातले भुंगे एकेक करत गप्प झाले. मी कुडकुडले नाही. शेजारच्या कोंबड्या माझ्याकडे आदराने बघत होत्या, असं मी समजते.

उद्घाटन मी पाहिलं नाही. पण ते मला तिघींनी तीनदा सांगितलं, आणि तिघींचं जुळतं.

रिकाम्या भिंतीखाली अहिल्या खुर्चीत बसली होती, नऊवारी नेसून, वरून शिरीषचा कोट. महापौर फिरत फिरत आले, पाट्या बघितल्या, भिंत बघितली, आणि फ्राऊ लिंडनरला विचारलं, "इथली वस्तू कुठे आहे?"

फ्राऊ लिंडनर बोलायच्या आधी अहिल्या म्हणाली, "वाचा. मोठ्यानं." जर्मनमध्ये. एवढं जर्मन तिने रात्री इराकडून घोटून घेतलं होतं.

माणूस भला होता, किंवा म्हातारीला घाबरला. त्याने पाटी वाचली. टेम्पी. मिनर्व्हा. तिसऱ्या पाटीला तो "लूसिंडा व्हिटलो" म्हणाला, तेव्हा सुकन्याने दुरुस्त केलं, "व्हिटलो आडनाव रॉस्कोचं. लूसिंडा त्याची सासू." तोवर मागे लोक जमले होते. सुकन्या पुढे झाली आणि तिने तिच्या त्या स्वच्छ, ऑफिसातल्या जर्मनमध्ये टेम्पीची शीळ सांगितली. नुसती शीळ. आणखी काही नाही.

मागून एक काळा सार्जंट पुढे आला, निवृत्तीला आलेला, टोपी काखेत. चारही नावं त्याने मोठ्याने वाचली. मग पाचवं नाव घेतलं जे पाटीवर नव्हतं. "अर्नेस्टिन," तो म्हणाला. "माझी आजी. मिसिसिपीत एका डॉक्टरकडे रांधायची." आणि बाजूला झाला. त्याच्या मागच्याने आणखी एक नाव घेतलं. त्याच्या मागच्या बाईने आपल्या आईचं. बँडवाले वाजवायचे थांबून राहिले, भाषणं लांबली, आणि फ्राऊ लिंडनर मध्ये पडली नाही. ओपल दाराशी मक्याच्या पावाचं ताट घेऊन उभी होती. तिने ते ताट कुणाला दिलं नाही. सगळी नावं होईपर्यंत धरून राहिली. हात भरून आले, पण खाली ठेवलं नाही.

पंधरवड्याने मी बाहेर आले आणि प्रदर्शनाचे उरलेले दिवस त्याच भिंतीवर, त्याच पाट्यांच्या वर, भरल्या पोटाने मिरवले. बियांचं म्हणाल तर थंडीत भुंगे मेले, बी मेलं नाही. वाळलेलं बी थंडीला दाद देत नाही. अहिल्येने उरलेल्या चवळीतलं मूठभर माझ्याबरोबर पिशवीत गोठवून पाहिलं होतं. ते ओल्या फडक्यात टाकलं आणि मोड आले.

सैन्य गेलं. बराकींना कुलपं लागली. एका संग्रहालयाने मला मागितलं, काचेच्या कपाटासाठी, पण पोट रिकामं करून. ओपल म्हणाली, कपाट रिकामं ठेवा, त्यात पाट्या लावा. त्यांना विनोद वाटला.

तर मी आता खानावळीत आहे, चुलीच्या समोरच्या भिंतीवर. रोज वाफ लागते, तळणाचा धूर बसतो. जाणकार येऊन हळहळतात की कापड टिकणार नाही. नाही टिकणार. टेम्पीच्या कोपऱ्याला विरायला सुरुवात झालीय. मी टिकायला आले नव्हते.

सैनिकांऐवजी आता विद्यार्थी येतात, गावातल्या अवकाश केंद्रातले शास्त्रज्ञ येतात, आणि चवळीभातासाठी आपली पुण्या-मुंबईची इंजिनिअर मंडळी येतात, खिशात तुपाची डबी घेऊन. ओपलचा नियम एकच, आणि तो अहिल्येने घालून दिलाय. माझ्यासमोर उभं राहून चार नावं घ्यायची, मग तुम्हाला ज्याने रांधून घातलं त्याचं एक. मग ताट.

परवा विहान नावाचा एक पुण्याचा इंजिनिअर आला. चार नावं वाचली, आईचं घेतलं आणि ताटाकडे हात केला.

अहिल्या कोपऱ्यात भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आई नोकरी करायची का रे?"

"हो ना आजी, बँकेत."

"मग पोळ्या कोण करायचं?"

"मावशी यायच्या की. रोज. मी शाळेतून यायच्या वेळेला गरम पोळी असायची, अगदी बारावीपर्यंत."

"नाव काय त्यांचं?"

तो हसला. मग हसणं थांबलं. "मावशीच म्हणायचो आम्ही. पोळ्यावाल्या मावशी."

ओपलला मराठी येत नाही, पण तिला कळलं. तिने ताट मागे घेतलं.

"अहो, भूक लागलीय मला," तो म्हणाला.

"तिलाही लागायची," अहिल्या म्हणाली. "तुमच्याकडे पोळ्या लाटताना."

तो बाहेर गेला. मला वाटलं, गेला आता, समोर पिझ्झावाला आहे. काचेतून दिसत होता, थंडीत फेऱ्या मारत, फोन कानाला. आधी आईला लावला, आईला आठवेना. मग शेजारच्या काकूंना. मग आणखी कुणाला तरी. कान लाल झाले होते. आत आला, माझ्यासमोर ताठ उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला,

"शेवंता."

जरा थांबून म्हणाला, "शेवंता लोंढे."

ओपलने ताट पुढे केलं.

तुमचंही ताट तयार आहे. मी समोर आहे, मला घाई नाही. नाव घ्या.